नावेचा भार आणि पाण्याची रेघ

भीमा आणि इंद्रायणी यांच्या संगमावरील तुळापूर हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या बलिदानामुळे मराठी मनात कायमचे कोरले गेले आहे. परंतु त्या गावास हे नाव कसे पडले, हे आपल्या पुढील पिढीला, विशेषतः महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मुलांना, क्वचितच ठाऊक असते. परंपरा अशी सांगते की, त्या गावाचे मूळ नाव नागरगाव. १६३३ साली आदिलशाहीतील मातबर सरदार मुरार जगदेव याने सूर्यग्रहणाच्या पर्वणीवर तेथे तुलादान करण्याचे योजिले आणि हत्तीच्या भारंभार दान करावे असे त्याच्या मनात आले. पण हत्ती तोलावयाचा कसा? एवढा तराजू कोठून आणावयाचा? तेव्हा शहाजीराजांनी युक्ती सुचविली. हत्तीला नावेत उभे करावे. नाव जेथवर पाण्यात बुडेल तेथे तिच्या अंगावर खूण करावी. मग हत्तीला उतरवून ती खूण पुन्हा पाण्याला टेकेपर्यंत नावेत दगड भरावेत, आणि ते दगड सावकाश तोलावेत. या तुलेवरून गावाचे नाव तुळापूर झाले. चीनमध्येही त्साओ छोंग नावाच्या एका बुद्धिमान बालकाची अशीच कथा प्राचीन काळापासून सांगितली जाते.

कथा म्हणून ती मनोरंजक आहेच. पण आम्हांला ती आज आठवली ती एका वेगळ्या कारणाने. नावेत किती भार आहे हे नाव स्वतःच सांगत असते. मात्र ते वाचण्याची सवय आपण ठेवलेली नाही. आणि ज्या समाजाचे वर्षातील सर्वांत आनंदाचे दहा दिवस पाण्याच्या काठी संपतात, त्या समाजाला ही सवय असणे अत्यंत आवश्यक आहे.

तळ्यांच्या गावातील आपली माणसे

भोपाळ हे तळ्यांचे शहर. राजा भोजाच्या नावाशी जोडलेला मोठा तलाव, त्याच्या पूर्वेस छोटा तलाव, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, रायसेन रस्त्यावर, आनंद नगराजवळ हथाईखेड्याचे धरण. भेलच्या कारखान्यामुळे पिपलानी, गोविंदपुरा, आनंद नगर या परिसरात देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे येऊन वसली, त्यांत मराठी कुटुंबेही आली. गणेशोत्सव आता केवळ मराठी माणसाचा राहिलेला नाही. आळीआळीतून मंडप उभे राहतात आणि अनंत चतुर्दशीला हथाईखेड्याच्या काठापासून छोट्या तलावाच्या खटलापुरा घाटापर्यंत सर्वत्र गर्दी लोटते. आपण या प्रांतात आणलेला हा उत्सव येथील सर्वांनी आपलासा केला, याचा आनंद मानावयाचा, तर त्याबरोबर येणारी जबाबदारीही आपलीच मानली पाहिजे.

भार मोजावा कसा?

हिशेब अवघड नाही. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हे आर्किमिडीजचे तत्त्व शाळेतील मुलालाही ठाऊक असते. गोड्या पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. तेव्हा नाव आणखी जितके पाणी सारील, तितके किलो वजन तिच्यात नव्याने चढले असे समजावे.

समजा, एक होडी चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. दोन्ही टोकांना ती निमुळती असल्याने पाण्याच्या पातळीवरचे तिचे क्षेत्र पुऱ्या आयताइतके भरत नाही. सुमारे सात दशांश धरावे. म्हणजे ४.२ चौरस मीटर. ही होडी एक सेंटिमीटर अधिक बुडाली की ४२ लिटर पाणी सरले, म्हणजेच ४२ किलो भार वाढला. सरासरी साठ किलोची दहा माणसे बसली तर ती सुमारे चौदा सेंटिमीटर खाली जाईल. रिकाम्या होडीचा काठ पाण्यापासून चाळीस सेंटिमीटर वर असेल, तर आता सव्वीस उरले. त्यातच एक बाजू कलली आणि लाट आली तर किती उरतील, याचा विचार ज्याने त्याने करावा.

मोठ्या मालवाहू जहाजांवरही रीत हीच आहे. जहाजाच्या नाळेवर, मध्यावर आणि पाठीकडे, दोन्ही अंगांना आकडे रंगविलेले असतात. माल भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर ते सहाही ठिकाणी वाचतात, त्यांवरून सरासरी बुड काढतात आणि हजारो टन मालाचे वजन ठरवितात. खाऱ्या पाण्याचा घनमीटर सुमारे १,०२५ किलो भरतो आणि गोड्याचा १,०००. एवढा फरकही हिशेबात धरावा लागतो. इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसॉल या संसद सदस्याने अतिभारित जहाजांवरील खलाशांसाठी जी चळवळ केली, तिच्यामुळे १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाररेषा रंगविणे सक्तीचे झाले. मालकाच्या शब्दापेक्षा पाण्याची रेघ अधिक विश्वासाची, हे त्या कायद्याने मान्य केले.

नीरम: तळाशी ठेवलेले वजन

परंतु वजन म्हणजे केवळ संकट नव्हे. रिकामे गलबत समुद्रात फार डोलते. म्हणून आपल्या कोकणातील दर्यावर्दी त्याच्या तळाशी दगड किंवा वाळू भरीत. या भारास मराठीत ‘नीरम’ असा जुना शब्द आहे. आजची जहाजे दगडांऐवजी टाक्यांतून पाणी भरून घेतात, पण तत्त्व तेच आहे. तळाशी वजन असले की गुरुत्वमध्य खाली येतो आणि कललेली नाव पुन्हा सरळ होते.

परदेशांत वेकबोर्डिंग नावाचा एक खेळ आहे. मोटारबोटीच्या मागे दोरी धरून, पायांना फळी बांधून, बोटीने उठविलेल्या लाटेवर उड्या मारावयाच्या. लाट मोठी व्हावी म्हणून हे लोक बोट मुद्दाम जड करतात. तळाच्या टाक्यांत आणि मजबूत पिशव्यांत शेकडो लिटर पाणी भरतात. ते किती भरले हे मोजण्याच्या त्यांच्या रीती सोप्या आहेत. पिशवीची लांबी, रुंदी आणि उंची यांवरून लिटर काढावेत. किंवा पंप मिनिटास पन्नास लिटर देत असेल आणि सहा मिनिटे चालला असेल, तर तीनशे किलो धरावेत. आणि या दोहोंची खातरजमा बोटीच्या अंगावरील पाण्याच्या रेघेवरून करावी. बोटीला झेपणाऱ्या एकूण भारात हे पाणीही धरावयाचे असते. पाण्याचे वजन विसरून वर पुन्हा पूर्ण संख्येने माणसे बसविली, तर खेळाचे संकट होते.

टाकीसंबंधी आणखी एक सूचना दर्यावर्दी नेहमी देतात: टाकी पूर्ण भरावी किंवा पूर्ण रिकामी ठेवावी. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी नाव कलताच खालच्या बाजूला धावते आणि तिला आणखी कलविते. जे वजन जागचे हलत नाही ते आधार देते. जे धावते ते घात करते.

रेघ जे सांगत नाही

येथेच आमच्या लेखाचा खरा मुद्दा आहे. पाण्याची रेघ भार किती हे सांगते. तो भार कोठे आहे हे ती सांगत नाही. घरीच पाहावे. पसरट बुडाचा, वीस सेंटिमीटर लांब आणि पंधरा रुंद असा डबा पाण्याने भरलेल्या टबात सोडावा. त्याचे क्षेत्र तीनशे चौरस सेंटिमीटर. म्हणजे एक सेंटिमीटर बुडण्यास तीनशे ग्रॅम वजन लागेल. त्यात मधोमध एक किलोचे वजन ठेवावे, आणि डबा किती बुडाला ती खूण करावी. आता तेच वजन डब्यात उंच पेला उपडा ठेवून त्यावर ठेवावे. पेल्याच्या किंचित भाराखेरीज रेघ जवळजवळ तेथेच राहील, पण डब्याला बोट लावताच तो कसा झोकांडतो ते मुलांना दाखवावे. भेलच्या कारखान्यात ज्यांची हयात यंत्रांशी गेली, त्यांना गुरुत्वमध्य म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नकोच. नातवंडांना मात्र त्यांनी हा प्रयोग अवश्य करून दाखवावा.

गणपतीची मोठी मूर्ती नावेत चढविणे म्हणजे हेच वजन पेल्यावर ठेवणे होय. मूर्ती उंच, तिचा गुरुत्वमध्य नावेच्या काठाच्याही वर. तिला धरणारे तरुण बसलेले नसून उभे. आणि विसर्जनाच्या क्षणी सर्वांची धाव एकाच बाजूला. उभी गर्दी म्हणजे अर्धवट भरलेली टाकीच.

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. लाटांच्या माऱ्याने बोट कलताच भेदरलेले उतारू एका बाजूला धावले, ही हकीकत त्या पिढीतील अनेकांनी सांगितली आहे.

आणि भोपाळकरांना तर इतके दूर जाण्याचे कारण नाही. १३ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे, खटलापुरा घाटावर, एकत्र बांधलेल्या दोन नावांतून पिपलानी भागातील तरुण आपल्या मंडळाची मोठी मूर्ती घेऊन छोट्या तलावात गेले. विसर्जन चालू असताना नावा उलटल्या. अकरा जण बुडाले. अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. चौकशी करणे आणि दोष ठरविणे हे आमचे काम नव्हे. पण आनंद नगर आणि पिपलानी यांच्यामध्ये अंतर ते काय! ज्या घरांतील मुले त्या पहाटे परतली नाहीत, ती आपल्या शेजारचीच घरे होत. घाटापासून काठ हाकेच्या अंतरावर असताना हे घडले, याची चुटपुट कोणाला लागणार नाही?

पुढे १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्यात, जेथे आपला समाज कित्येक पिढ्यांपासून नांदतो आहे, हरणी तळ्यात सहलीची बोट उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका दगावल्या. बोटीत तिच्या क्षमतेहून अधिक जण होते आणि बहुतेकांच्या अंगावर जाकिटे नव्हती. तो उत्सव नव्हता, साधी शाळेची सहल होती.

मंडळांना आणि घरोघरी विनंती

मूर्ती लहान करावी, शाडूची करावी, घरच्या घरी बादलीत किंवा काठावरच्या कुंडात विसर्जित करावी, हे सर्वोत्तम. मोठ्या मूर्तीसाठी घाटावर क्रेनची सोय असते. तिला थांबावे लागले तर थांबावे. बाप्पांना दहा दिवस आनंदाने ठेवून घेतले, तर आणखी दोन तास त्यांना ओझे होणार नाहीत.

तरीही कोणास नावेत बसणे भागच पडले, तर चार गोष्टी कराव्यात. नाव रिकामी असताना पाण्यापासून काठ किती उंच आहे तो दोन्ही अंगांना मोजून खडूने खूण करावी. माणसे मोजून बसवावीत, उभी करू नयेत. जड वस्तू मधोमध, तळाला टेकवून ठेवावी. फळकुटांवर चढवू नये. आणि निघण्यापूर्वी एका जाणत्या माणसाने काठावर उभे राहून दोन्ही बाजूंच्या रेघा पुन्हा पाहाव्यात. एक बाजू खाली दिसली किंवा दोन्ही फार बुडाल्या, तर माणसे उतरवावीत. जाकीट अंगात असल्याखेरीज कोणासही बसू देऊ नये, मग तो मंडळाचा अध्यक्ष का असेना.

नावाड्यासही हे काम परके वाटणार नाही. किती माणसांनी आपली नाव किती दबते हे त्याला वर्षानुवर्षांच्या नजरेने कळत असते. परंतु पहाटे चार वाजता ढोलताशांच्या गजरात त्याचे ‘आता पुरे’ कोणी ऐकत नाही. ते ऐकणारा एक तरी वडीलधारा माणूस प्रत्येक मंडळाने घाटावर नेमावा. शहाजीराजांनी नावेवर खूण केली होती ती दान मोजण्यासाठी. आपण ती करावयाची आहे ती आपली मुले मोजून नेली तितकीच मोजून घरी आणण्यासाठी.