‘हकीम’ रायफल आणि तिचे मालक

अर्धस्वयंचलित रायफल म्हटली म्हणजे अमेरिकन ‘गॅरंड’चें नांव निघतें, ‘हकीम’ फार थोड्यांच्या कानीं असते. तिचें मूळ स्वीडनांत. एरिक एक्लुंड याची ‘ल्युंगमन’ रायफल तेथील सैन्यानें १९४२ सालीं स्वीकारली. पुढें तिची यंत्रसामग्री इजिप्तनें घेतली व ७.९२ मिलिमीटरच्या जर्मन काडतुसासाठीं ‘हकीम’ घडविली. कालांतरानें ती शिलकी माल म्हणून अमेरिकेंत गेली. तिच्या गुणदोषांची खरी पारख तेथील हौशी मालकांनीं केली.

हिच्यांत वायु दट्ट्याला ढकलीत नाहीं; बारीक नळींतून येऊन सरळ बोल्टाच्या वाहकावर आदळतो. भाग थोडे, हा लाभच. परंतु वायु अधिक झाला, कीं रिकाम्या पुंगळ्या दूर भिरकावल्या जातात व चेपतात. यासाठीं इजिप्तकरांनीं वायु कमी-अधिक करण्याची तोटी बसविली. जाणते मालक ती प्रथम बंद ठेवितात आणि रायफल नीट चालेल इतकीच उघडतात. हें मला फार शहाणपणाचें वाटतें. टोंकावरील जोडामुळें खांद्याला धक्का सौम्य लागतो. आवाज मात्र शेजारच्याला सोसावा लागतो.

भरण्याची रीत चमत्कारिक आहे. बोल्टाला दांडी नाहीं; वरचें झांकण पुढें सारून त्याला अडकवावें व मागें ओढावें. बोल्ट अवचित सुटला, तर अंगठा चेंगरतो. नांव हकीमाचें, आणि जखम त्याच्याच हातून! म्हणून अनुभवी माणूस काडतुसें भरण्यापूर्वीं बोल्ट मागें पक्का अडकला आहे ना, हें दोनदां पाहतो.