ओढून निघत नाही ती मोटार

पावसाळ्यात नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत भातखाचरं तुडुंब असतात. एप्रिलात त्याच शिवारात बोअरचं पाणी खोल जातं. मोटार जळते, बाहेर काढायला जावं तर ती जागची हलत नाही.

कारण जमिनीतच आहे. हा मुलूख लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेल्या काळ्या पाषाणाचा. मध्येच कुठे लाल, ठिसूळ पट्टा लागतो. केसिंग पाइप बहुधा वरच्या माती-मुरुमापुरताच, खाली बोअर उघडं. साडेसहा इंची बोअरमध्ये 4 इंची मोटार सोडली की भोवती सव्वा इंचाची फट उरते. तेवढ्यात एखादी कपची बसली की झालं! कधी सैल पडलेली केबलच गोळा होऊन पाचरीसारखी रुतते.

मोटार काढणारे कसबी लोक आधी वीज तोडतात. स्टार्टर नुसता बंद करून भागत नाही, फ्यूजही काढून ठेवायचे. मग तिपाई उभी करून चेनपुली लावतात. ओझ्याचा अंदाज हवाच: 60 मीटर दोन इंची लोखंडी पाइप म्हणजे सुमारे 300 किलो, आणि व्हॉल्व्हने धरून ठेवलेलं आतलं पाणी आणखी सव्वाशेच्या आसपास. याहून फार जास्त ताण आला, की हात थांबला पाहिजे.

खरी कारागिरी इथून पुढची. साखळीला एक हात लावून ताण जोखायचा, पाइप वीतभर खाली सोडायचा, पुन्हा वर घ्यायचा. जोडाचे आटे सुटू नयेत म्हणून पाइप फिरवायचा तो आटे आवळण्याच्या दिशेनेच. वरून पाणी सोडलं तर बसलेला गाळ सैल होतो. यात दुपार गेली तरी चालेल. ट्रॅक्टर जोडून हिसका देण्याची घाई मात्र मला अक्षम्य वाटते. जोड तुटून पाइप आत पडला, तर मोटारीसोबत बोअरही जातं. आणि ताणलेला दोर तुटला तर समोरच्या माणसाला वाचवणारं काही नसतं. म्हणून दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, पोरांनी तर नाहीच.

मोटार निघाली की तोंड तसंच उघडं ठेवून दुरुस्तीला जाणं हा दुसरा धोका. उघड्या बोअरमध्ये लहान मुलं पडल्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नियम घालून दिले: मोटार दुरुस्तीच्या काळातही बोअर उघडं ठेवायचं नाही, केसिंगवर पोलादी झाकण वेल्डिंगने किंवा बोल्टने पक्कं बसवायचं. दुकानात मोटार पोचवण्याआधी एवढं काम उरकलंच पाहिजे.