उत्तर मिळालं, पण ताळा जुळला का?

घरी दिलेलं एखादं गणित अडलं, की आज बरीच मुलं फोनवर मदत शोधतात. ज्यांना शिकवणी परवडत नाही त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. मात्र इंटरनेटवर फुकट मिळणारी सगळी मदत सारखी नसते. कोणती केव्हा घ्यायची आणि ती बरोबर आहे हे कसं ठरवायचं, ते आपण वर्गात शिकवू शकतो.

मदतीचे तीन प्रकार

पहिला प्रकार पुस्तकांचा आणि धड्यांचा. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’वर (सुरुवात २०१७) इयत्तेनुसार धडे आहेत. अमेरिकेतल्या सलमान खान यांनी २००४ साली नात्यातल्या एका मुलीला दुरूनच गणित शिकवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे खान अकॅडमीचे मोफत धडे तयार झाले. संकल्पनाच कळली नसेल, तर इथून सुरुवात करावी.

दुसरा प्रकार म्हणजे माणसानं माणसाला दिलेली मदत. अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात १९९४ साली ‘डॉक्टर मॅथ’ ही सेवा सुरू झाली. शाळकरी मुलांनी ईमेलनं प्रश्न पाठवायचे आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी उत्तरं द्यायची. अशा मदतीत एक गोष्ट महत्त्वाची असते. ‘गणित सोडवून द्या’ असं न म्हणता ‘इथपर्यंत आलो, पुढे अडलो’ असं लिहिलं, तर उपयोगी उत्तर मिळतं. कुठे अडलं ते नेमकं लिहिता लिहिता कधी कधी अडचणच सुटते!

तिसरा प्रकार यंत्राचा. गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसह उत्तर देणारी ॲप आहेत. २०२२ च्या अखेरीपासून गप्पा मारल्यासारखी उत्तरं देणारे प्रोग्रॅमही आले. हे प्रोग्रॅम चुकीची पायरीसुद्धा बरोबर पायरीइतक्याच ठामपणे लिहितात. म्हणून तपासण्याचं काम आपल्याकडेच राहतं.

दोन कसोट्या

समजा, गणित असं आहे : √(क्ष + ७) = क्ष − ५. दोन्ही बाजूंचा वर्ग केला, की क्ष² − ११क्ष + १८ = ० हे समीकरण मिळतं. त्याची उत्तरं ९ आणि २. आता ताळा करू. क्ष = ९ घेतलं तर दोन्ही बाजू ४ येतात. क्ष = २ घेतलं तर डावी बाजू ३ आणि उजवी −३! म्हणजे २ हे उत्तर नाही. मग ते आलं कुठून? ३ आणि −३ समान नाहीत, पण त्यांचे वर्ग समान आहेत. वर्ग करताना हा फरक पुसला गेला आणि एक जादा उत्तर आत शिरलं.

उत्तर शोधणं अवघड असलं तरी समीकरणात किंमत घालून तपासणं सोपं असतं. त्यामुळे मदत कुणीही केलेली असो, ताळा विद्यार्थ्याला स्वतः करता येतो.

पण एवढ्यानं भागत नाही. क्ष² = ५क्ष हे समीकरण पाहा. दोन्ही बाजूंना क्षनं भागलं की क्ष = ५ मिळतं. ताळाही जुळतो. तरीही सोडवणूक अपुरी आहे, कारण क्ष = ० हे उत्तर हरवलं. क्ष शून्य असेल तर त्यानं भागताच येत नाही. ताळा जादा उत्तर पकडतो, पण हरवलेलं पकडत नाही. त्यासाठी दुसरी कसोटी हवी. प्रत्येक पायरीला विचारायचं, ‘हे असं करता येतं का? नेहमी येतं का?’

वर्गात करून पाहा

√(२क्ष + ३) = क्ष हे गणित घरी द्या. मदत कुठूनही घ्यायला परवानगी असू द्या. मात्र वहीत तीन गोष्टी हव्यात : मदत कुठून घेतली, प्रत्येक पायरीचं कारण आणि ताळा. दुसऱ्या दिवशी फळ्यावर फक्त एवढंच विचारा, ‘−१ का चालत नाही?’ ज्यानं नुसतं उत्तर उतरवून आणलं असेल आणि ज्याला ते समजलं असेल, त्यांच्यातला फरक या एका प्रश्नात दिसेल.