चरबीची गाठ आणि बारावं गुणसूत्र

‘दुखत नाही ना? मग चरबीचीच असेल.’ खंडाळ्यापासून मिरजेपर्यंत मांडीवरच्या गाठीबद्दल घरोघरी हेच बोललं जातं, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. पण गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असेल, स्नायूत खोल रुतलेली असेल, तर ती काढून तपासणीविना फेकून देणं मला अक्षम्य वाटतं.

तपासणीसाठी गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात, मग मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. या सगळ्यात अल्कोहोल आणि झायलीन पेशीतली चरबी विरघळवून नेतात. स्लाइडवर उरते पांढरी पोकळी आणि कडेला चेपलेलं केंद्रक. चरबीच्या गाठीचं निदान चरबी न दिसता करायचं असतं! मिक्सॉइड लायपोसार्कोमा या चरबीच्या कर्करोगात बुळबुळीत द्रव्यात केशवाहिन्यांचं खुराड्याच्या जाळीसारखं जाळं दिसतं. दुर्मीळ कॉन्ड्रॉइड लायपोमा जवळपास तसाच भासतो, पण तो निरुपद्रवी असतो. हायबर्नोमा तपकिरी चरबीचा. त्याच्या पेशीत असंख्य बारीक पोकळ्या असतात.

डोळा अडतो तिथे जनुकं चमकत्या ठिपक्यांनी दाखवणारी फिश चाचणी कामाला येते. निरोगी केंद्रकात बाराव्या गुणसूत्रावरच्या एमडीएम२ जनुकाचे दोन लाल ठिपके चमकतात. हुबेहूब लायपोमासारख्या, म्हणजे साध्या चरबीच्या गाठीसारख्या दिसणाऱ्या वेल-डिफरन्शिएटेड लायपोसार्कोमात त्यांचा घोळका दिसतो. मिक्सॉइड प्रकारात बहुतेकदा बाराव्या आणि सोळाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन फस आणि डीडीआयटी३ ही जनुकं जोडली जातात. तिथे एकत्र पिवळसर दिसणारा ठिपका फुटतो, लाल आणि हिरवा वेगळे पडतात. या फरकावर पुढचे उपचार ठरतात: मिक्सॉइड गाठ किरणोपचाराला चांगली दाद देते, पण मणक्यात पसरू शकते, म्हणून तिथेही शोध घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या या विद्येचा पाया घातला डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं, आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी सांभाळली. शस्त्रक्रियेइतकाच मान सूक्ष्मदर्शकाला मिळायला हवा, हे मला त्यांच्या कामातून पटतं.

अवघड गाठीचं दुसरं मत घ्यायला खंबाटकीचा घाट उतरून पुण्या-मुंबईकडे जाताना नातेवाईक बहुधा फक्त रिपोर्टचा कागद नेतात. कागदावरून फिश होत नाही. मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्याव्यात; ब्लॉक नीट ठेवला असेल तर अनेक वर्षांनंतरही त्याचे नवे काप निघतात. तुकडा मात्र पहिल्याच दिवशी भरपूर, ताज्या फॉर्मॅलिनमध्ये पडलेला हवा. जुन्या, आंबलेल्या फॉर्मॅलिनमध्ये डीएनएचे तुकडे होतात आणि ठिपके वाचताच येत नाहीत.