यंत्राची स्मरणशक्ती : शिरूर-दौंडच्या दूरसंचाराची एक बाजू

'स्वयंचलित' हा शब्द हल्ली सर्वांच्या तोंडी आहे. दूरसंचाराच्या क्षेत्रात तर यंत्रच बिघाड शोधील, यंत्रच संदेशाला दुसरी वाट काढून देईल आणि माणसाने नुसते पाहत बसावे, असे चित्र रंगविले जाते. हे चित्र अगदीच खोटे नाही. परंतु यंत्र हे सारे कशाच्या आधारे करणार? आपल्या तारा, केबली, टॉवर यांविषयी जी माहिती कोणीतरी लिहून ठेवलेली असते, तिच्याच आधारे. म्हणून स्वयंचलनाचा विचार करताना आधी नोंदीचा विचार करणे प्राप्त आहे. तो आपण शिरूर आणि दौंड या शेजारच्या दोन तालुक्यांच्या आधारे करू.

दूरसंचारातील स्वयंचलन दौंडला नवे नाही, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये 'बीम' पद्धतीची बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला. दोन्ही एकाच जागी का नव्हती? प्रक्षेपकाच्या प्रचंड आवाजात सातासमुद्रांपलीकडून येणारा क्षीण संदेश बुडून जाऊ नये म्हणून. दोन्ही केंद्रे तारांनी मुंबईच्या कचेरीशी जोडलेली होती. संदेश कागदी पट्टीवर छिद्रांच्या रूपाने उतरवावयाचा आणि ती पट्टी यंत्रात सोडावयाची, मग हाताने कळ दाबणाऱ्याच्या कितीतरी पट वेगाने संदेश जाई. पण छिद्र चुकीचे पडले असेल तर? यंत्र ती चूकही त्याच वेगाने लंडनला पोचवी. चूक ओळखणे हे यंत्राचे काम नव्हते. जवळजवळ शंभर वर्षे लोटली, तरी या बाबतीत फारसे काही बदललेले नाही.

आता नोंदीतील पहिली अडचण पाहू. ती आहे नावांची. 'दौंड' हे नाव इंग्रजी कागदोपत्री पूर्वी 'धोंड' असे लिहिले जाई. शिरूरला जुनी मंडळी अजूनही 'घोडनदी' म्हणतात. शिवाय बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे आणि लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ. आपल्याला संदर्भावरून उमगते, यंत्राला उमगत नाही. त्याच्या लेखी 'दौंड' आणि 'धोंड' ही दोन गावे, आणि तिन्ही 'शिरूर' मात्र एकच गाव! हाच प्रश्न टपाल खात्यापुढेही होता. त्यावर १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोडचा उपाय लागू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्या खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते, ही गोष्ट कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. ४१२२१० म्हटले की शिरूर, ४१३८०१ म्हटले की दौंड, मग उच्चार कोणताही असो. दूरसंचारातही प्रत्येक टॉवरला, प्रत्येक केबलीला आणि तिच्या प्रत्येक जोडाला असाच एकमेव क्रमांक हवा. एका कचेरीत एक नाव आणि दुसरीत दुसरे, अशी स्थिती असेल तर पुढचे सारे गणित फसते.

दुसरी अडचण जागेची. केसासारख्या बारीक काचतंतूतून, म्हणजे आपण ज्याला 'फायबर' म्हणतो त्यातून, प्रकाशाच्या रूपाने संदेश जातो. तंतू तुटला की तंत्रज्ञ एका टोकाने प्रकाशाचा ठिपका सोडतो. तुटलेल्या जागेवरून तो परावर्तित होतो आणि यंत्र त्याच्या परतीचा वेळ मोजते. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. समजा, शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाणाऱ्या केबलीत ठिपका १८० मायक्रोसेकंदांनी परत आला. म्हणजे जायला ९० आणि यायला ९०, अर्थात बिघाड १८ किलोमीटरवर. किती नेमके उत्तर!

पण हे अठरा किलोमीटर तंतूचे आहेत, रस्त्याचे नव्हेत. पुढच्या दुरुस्तीची सोय म्हणून प्रत्येक जोडापाशी केबलीचे काही मीटर वेटोळे पुरून ठेवलेले असते. कुठे ओढ्याला वळसा असतो. रस्ता रुंद झाला असेल तर केबल सरकविलेली असते आणि मैलाचा दगडही जुन्या जागी राहिलेला नसतो. ही वेटोळी, हे वळसे नोंदीत असतील तर माणूस नेमक्या जागी कुदळ मारील. नसतील तर तो उसाच्या बांधावर खड्ड्यामागून खड्डे खणीत बसेल.

तिसरी गोष्ट संबंधांची. एक केबल तुटली की तिच्यावर अवलंबून असलेले सगळे टॉवर एकाच वेळी ओरडू लागतात आणि नियंत्रण कक्षात इशाऱ्यांचा पाऊस पडतो. कोणता टॉवर कोणत्या केबलीवर आहे हे ठाऊक असेल तर यंत्र क्षणात सांगते की, हे शंभर बिघाड नसून एकच आहे. येथे स्वयंचलनाचा खरा लाभ दिसतो. मात्र नोंदीत दोन स्वतंत्र वाटा दाखविलेल्या आहेत आणि प्रत्यक्षात दोन्ही केबली भीमेवरच्या एकाच पुलावरून, एकाच नळीतून गेल्या आहेत, असे समजा. पहिली वाट बंद पडताच यंत्र मोठ्या विश्वासाने सगळा भार दुसरीवर टाकू पाहील. ती तर पहिलीबरोबरच तुटलेली! अशा वेळी वस्तीवरून कोणी ११२ हा आपत्कालीन क्रमांक फिरवीत असेल, तर कागदावरची दुसरी वाट त्याच्या काय कामाची?

मग आजवर काम चालले कसे? लाइनमनच्या स्मरणावर. कोणत्या बाभळीखाली जोड आहे, कोणत्या मोरीच्या डाव्या अंगाने केबल गेली आहे, हे त्याला तोंडपाठ असे. ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली भारत संचार निगमचे सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी देशभरात सेवेतून बाहेर पडले. पगाराचा बोजा हलका झाला असेल, पण वहीत कधीच न उतरलेले केवढे ज्ञान त्यांच्याबरोबर घरी गेले, याचा हिशेब कोणत्या ताळेबंदात मांडणार?

उपाय अवघड नाहीत, चिकाटीचे आहेत. ज्याने जोड केला त्यानेच, तेथेच उभे राहून, अक्षांश-रेखांशासह नोंद करावी. एका वस्तूची एकच अधिकृत नोंद असावी आणि इतरांनी तीच वापरावी. ठरावीक काळाने प्रत्यक्ष जाऊन ती ताडून पाहावी. जुन्या माणसांना सन्मानाने बोलावून त्यांच्याकडील माहिती उतरवून घ्यावी. खणणाऱ्याने खणण्यापूर्वी केबलवाल्यांना कळवावे, यासाठी केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाइल अ‍ॅप सुरू केले. तेही जमिनीखालच्या नोंदी जितक्या खऱ्या असतील तितकेच उपयोगी. एवढे झाल्यावर कामे यंत्राकडे सोपवावीत. प्रथम इशाऱ्यांची वर्गवारी, मग बिघाडाचे निदान आणि विश्वास बसल्यावरच मार्ग बदलण्याचा अधिकार.

इतिहासाचा अभ्यासक दप्तर तपासतो, भाषेचा अभ्यासक पाठभेद ताडतो. त्यांना लागणारी सचोटी आणि केबलीची नोंद ठेवणाऱ्याची सचोटी एकाच जातीची आहे. हे काम केवळ अभियंत्यांचे आहे असे समजून आपण कला शाखेच्या मंडळींनी त्यापासून दूर राहण्याचे कारण नाही. यंत्राला स्मरणशक्ती अफाट असते, परंतु काय स्मरावे हे त्याला माणसानेच सांगावे लागते. ते खरे सांगितले, तरच शिरूर-दौंडच्या वाडीवस्तीवरची हाक वेळेवर पोचेल.