लावायचे औषध अर्धवट का राहते?

गोळी पाण्याबरोबर गिळली की काम संपते. मलमाचे तसे नाही. जागा धुऊन कोरडी करावी लागते, चिकटपणा सोसावा लागतो, पाठीवर लावायचे तर दुसऱ्याचा हात लागतो. त्यामुळे त्यात खंड लवकर पडतो. पण कंटाळा हे एकच कारण नव्हे.

गजकर्णाचे उदाहरण घेऊ. त्याची बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात वाढते. मलम लावल्यावर काही दिवसांत खाज शमते. बुरशी मात्र शिल्लक असते. म्हणून त्वचा स्वच्छ दिसू लागल्यावरही साधारण एक-दोन आठवडे मलम लावायचे असते. पण खाज थांबली की ट्यूब फळीवर जाते आणि गजकर्ण परत येते. म्हणजे औषधाची आठवण करून देत होती ती खाज!

मग जिथे त्रासच जाणवत नाही, तिथे काय होत असेल? वर्धा जिल्ह्याला हा प्रश्न जुना आहे. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन उभे राहिले. कुष्ठरोगात मज्जातंतूंना इजा झाल्याने पाय बधिर होतात. घाम येईनासा होऊन त्वचा भेगाळते. भेगांतून इतर जंतू शिरतात आणि जखम हाडापर्यंत पोहोचू शकते.

रोगजंतू मारणारी औषधे ६ ते १२ महिने घ्यायची असतात. त्यांतील महिन्याचा एक डोस आरोग्यसेवकासमोर घेण्याची पद्धत आहे, त्यामुळे खंड लगेच लक्षात येतो. पायांची निगा मात्र रोजची आणि जन्मभराची. पाय १५-२० मिनिटे पाण्यात बुडवून, ओलावा टिकावा म्हणून लगेच तेल किंवा व्हॅसलीन लावायचे. इथे पाहणारे कोणी नाही, आणि पायही दुखून आठवण देत नाही. अशा वेळी उपचार रोजच्या ठरलेल्या कामाला, आंघोळीला किंवा जेवणाला, जोडून घ्यावा लागतो.

मलम नेमाने लावले का, हे वर्गात गणितानेही तपासता येते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरते. ते दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. तेवढ्या जागेवर दिवसातून दोनदा लावल्यास १५ ग्रॅमची ट्यूब १५ दिवसांत संपेल. महिन्यानंतरही ती अर्धी उरली असेल, तर औषध बदलण्याआधी ट्यूब डॉक्टरांना दाखवावी.