दक्षिण कोकणची लोकवस्ती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे 1 मे 1981 पर्यंत एकच होते आणि आजही त्यांची लोकवस्ती, शेती व स्थलांतराचा इतिहास एकत्रच पाहावा लागतो. या प्रदेशाविषयी उर्वरित महाराष्ट्रात काही समजुती घट्ट रुजल्या आहेत : येथे स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक असल्याने मुलगी नकोशी नाही, हापूसमुळे घरोघरी पैसा आहे, एवढा पाऊस पडत असताना पाण्याची ददात असण्याचे कारण नाही, आणि जमिनी पडीक आहेत त्या माणसांच्या आळसामुळे. यांतील प्रत्येक समजुतीच्या मुळाशी एखादे खरे निरीक्षण आहे. चूक होते ती त्याचा अर्थ लावताना, कारण या प्रदेशातील माणसांचा मोठा भाग प्रदेशाबाहेर, मुख्यतः मुंबई आणि ठाण्याच्या परिसरात राहतो, हे ध्यानात घेतले जात नाही.

2011 च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 आणि सिंधुदुर्गात 1036 स्त्रिया होत्या, तर राज्याचे प्रमाण 929 होते. केवळ हे आकडे पाहिले, तर येथील समाज मुलीच्या जन्माचे स्वागत करणारा आहे असा निष्कर्ष कोणीही काढील. परंतु त्यासाठी पाहावयाचा आकडा वेगळा आहे. शून्य ते सहा वर्षे वयाच्या मुलामुलींचे प्रमाण, म्हणजेच बाल लिंग गुणोत्तर, रत्नागिरीत 936 आणि सिंधुदुर्गात 922 होते. निसर्गतः मुलींपेक्षा मुलगे थोडे अधिक जन्मतात आणि कोणताही हस्तक्षेप नसल्यास हे प्रमाण 950 च्या आसपास राहते, असे मानले जाते. राज्याच्या 894 या आकड्यापेक्षा दक्षिण कोकणची स्थिती बरी आहे यात शंका नाही. मात्र 2001 मध्ये हेच आकडे अनुक्रमे 952 आणि 944 होते, म्हणजे दहा वर्षांत दोन्ही जिल्ह्यांत मुलींचे प्रमाण घसरले. प्रौढ स्त्रियांच्या मोठ्या संख्येकडे बोट दाखवून या घसरणीकडे दुर्लक्ष करणे घातक आहे.

मग रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांहून नव्वद हजारांपेक्षा अधिक स्त्रिया कशा? उत्तर मुंबईत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा त्यांना लागणारे मनुष्यबळ मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी जिल्ह्यातून आले. पुरुष एकटा जाई, गाववाल्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत पथारी टाकण्यापुरती जागा मिळवी, खानावळीत जेवी आणि गावी मनीऑर्डर पाठवी. भातशेती, गुरे, म्हातारे आईवडील आणि मुले यांचा भार घरी राहिलेल्या स्त्रीवर पडे. 1911 ते 1931 या काळातील जनगणनांमध्ये मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे सहाशेहूनही कमी स्त्रिया आढळतात. कोकणातील गावांत जे पुरुष कमी दिसतात, त्यांतील कित्येक मुंबईच्या या जास्तीच्या पुरुषांत मोजले गेले. स्थलांतराला गिरणीची ओढ जशी कारण होती, तशीच गावातील खोतीही होती. खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा वतनदार. त्याच्या जमिनी कसणाऱ्या कुळांना पिकाचा मोठा वाटा आणि त्याशिवाय वेठही द्यावी लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, परंतु प्रत्यक्ष निर्मूलनाचा कायदा 1949 मध्ये झाला. तोवर कुणबी, महार आणि इतर समाजांतील अनेक पिढ्यांनी मुंबईची वाट धरली होती.

स्थलांतराचे हे रूप आता पालटले आहे. रत्नागिरीचे प्रमाण 2001 मधील 1136 वरून 1122 वर आणि सिंधुदुर्गाचे 1079 वरून 1036 वर आले, याचे एक महत्त्वाचे कारण असे, की पूर्वी केवळ पुरुष जात होता, तेथे आता कुटुंबच्या कुटुंब दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरार अशा उपनगरांत स्थिरावते. याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली असताना रत्नागिरीची 16,96,777 वरून 16,15,069 आणि सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 अशी घटली. राज्यात लोकसंख्या घटलेला तिसरा जिल्हा मुंबई शहर होता. ज्या शहराने कोकणातील माणूस ओढून घेतला, तेथूनही तो उपनगरांकडे लोटला गेला. या घटीवरून कोकण ओस पडले असा अर्थ काढणे मात्र उतावळेपणाचे आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्या कोकणी माणसाला गावी चाकरमानी म्हणतात, आणि तो गणपतीला, शिमग्याला व मे महिन्यात घरी येतोच. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली. त्या वर्षीचा शिमगा मार्चमध्ये होता, त्यामुळे सणाला भरणारी घरे गणनेच्या दिवसांत कुलूपबंद होती.

हापूसच्या श्रीमंतीची समजूत किनारपट्टीवरील काही तालुक्यांपुरती खरी आहे. देवगड, रत्नागिरी या भागांतील मोठे बागायतदार आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी वाडीवर राहणारे शेतकरी यांच्या जगण्यात पुष्कळ अंतर आहे. दुसऱ्या वर्गाकडे खाचरात भाताचे एक पीक आणि डोंगरउतारावरील वरकस, म्हणजे हलक्या प्रतीच्या जमिनीत थोडी नाचणी किंवा वरी, एवढेच असते. बागायतदारालाही पैसा वाटतो तितका सरळ मिळत नाही : हापूस एक वर्षाआड भरघोस धरतो, अवेळी पावसाने मोहोर गळतो, फवारणीचा खर्च हंगामाआधीच होतो आणि त्यासाठी दलालाकडून उचल घेतल्यास पेटी कोठे व कशी विकायची याचा अधिकार बराचसा हातून जातो. स्थानिक मजूर न मिळाल्याने अनेक बागांची राखण व तोडणी आज नेपाळी कामगार करतात, म्हणजे बाहेर माणसे पाठवणाऱ्या या प्रदेशात बाहेरून माणसे येतही आहेत.

पडीक जमिनीचा दोष आळसावर टाकणे हा या सर्वांतील सर्वांत अन्यायकारक गैरसमज आहे. कोकणातील सातबारा उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या सरकारी नोंदीवर, एकेका गटाला तीस-चाळीस सहहिस्सेदारांची नावे आढळणे नवलाचे नाही. त्यांतील काही मुंबईत, काही परदेशात, काही वारस नोंद न होता दिवंगत. सर्वांच्या संमतीवाचून कर्ज, विक्री किंवा नवी लागवड अडते. आवण लावण्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांच्या पुनर्लावणीसाठी, जुलैच्या मोजक्या दिवसांत एकाच वेळी अनेक हात लागतात, आणि घरात साठीच्या पुढचे दोघे असतील तर ते हात आणायचे कोठून? त्यावर उभे पीक रानडुकरांनी आणि वानरांनी लुटले, की दुसऱ्या वर्षी खाचर तसेच सोडले जाते.

पाण्याचे कोडे भूरचनेत दडले आहे. येथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत पडतो आणि सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर साधारण पन्नास-साठ किलोमीटरच असल्याने वाशिष्ठी, शास्त्री, काजळी यांसारख्या आखूड नद्या तो झपाट्याने वाहून नेतात. सड्यावरचा, म्हणजे कातळी पठारावरचा जांभा, हा लोहयुक्त तांबडा, सच्छिद्र दगड, पाणी लवकर मुरवून घेतो आणि तितक्याच लवकर उतारावरच्या झऱ्यांतून सोडूनही देतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेली विहीर एप्रिलमध्ये तळ गाठते. गाव एका जागी नसून डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांचे मिळून बनलेले असते, म्हणून नळ योजना एका वाडीत पोहोचली तरी वरच्या वाडीतील स्त्रियांचा हंडा सुटत नाही. हिवाळ्यात ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेले वनराई बंधारे काही आठवडे आधार देतात. जलजीवन मिशनने दर माणशी दररोज 55 लिटर पाण्याचे प्रमाण ठरवले आहे, पण ते कायम राहणाऱ्या लोकसंख्येला लागू करून योजना आखल्या जातात, तर चाकरमानी कुटुंबांसह आंब्याला आणि लग्नसराईला येतो तो मे महिन्यात, म्हणजे विहिरींना सर्वांत कमी पाणी असते आणि वाडीत माणसे सर्वांत जास्त असतात त्याच दिवसांत.